वन्संसाठी बसवलेला पंप

गाडी बंद पडते याचं काकूंना काही वाटत नव्हतं. माणसंही बंद पडतात. काकूंचे यजमान रोज जेवण झालं की बंद पडत आणि चहाचा वास आल्याशिवाय सुरू होत नसत, म्हणून त्यांना कुणी विकायला काढलं नव्हतं. राग होता तो गाडीने निवडलेल्या जागेचा. घर ते स्टेशन एवढा लांब रस्ता, त्यात सावलीची झाडं होती, ओळखीचं कुत्रंही नाही अशा गल्ल्या होत्या. पण गाडीला थांबायला लागायचा पुलाचा माथा, बरोबर मधोमध, जिथे दोन्हीकडून वर येणारा प्रत्येक जण आधी गाडी बघतो, मग काकूंना बघतो आणि मग हसतो.

मागच्या खेपेला हे सगळं वन्संसमोर झालं. वन्सं म्हणजे काकूंची नणंद. तिथे पुलावर मागच्या सीटवर बसून वन्संनी रुमालाने वारा घेतला, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. वन्सं बोलल्या तर परवडतं.

गाडी मामंजींची, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांची, वन्संच्या अण्णांची. जाण्याआधी त्यांनी ती मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावावर करून ठेवली. घराच्या वाटणीचा त्यांनी वर्षानुवर्षं विचार केला होता. गाडीचा बहुधा जिना उतरता उतरता केला असावा. आता वन्संना कुणी एक हॉटेलवाला भेटला होता. त्याला ही गाडी हॉटेलच्या दारात ठेवायची होती. चालवायची नव्हतीच. बॉनेट उघडं टाकून, इंजिन काढून, त्या जागी फुलझाडांच्या कुंड्या मांडायच्या होत्या. वन्संनी फोनवर हे अशा आवाजात सांगितलं, की जणू गाडीला चांगलं स्थळ सांगून आलंय.

"कुंड्या तुमच्या बाल्कनीत मांडा," काकू म्हणाल्या. "गाडीला धाड भरलेली नाही."

"मग रविवारी मला घ्यायला या की तिच्यातून. स्टेशनपासून फाटकापर्यंत. एकदा जरी थांबली ना वहिनी, तर विक्रीच्या कागदावर तुमच्याकडची सही द्यायची."

"आणि नाही थांबली तर हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

यजमानांनी फोन हातात घेऊन, लाल सिग्नलला थांबलेलं धरायचं नाही, एवढं कलम त्यात घालून घेतलं. भांडण मिटवणं त्यांना कधी जमलं नाही, पण भांडणाचे नियम ते फार सुबक करून देत. आयुष्य कचेरीत गेल्यावर माणसाचं असंच होतं.

एक गोष्ट कुणी बोलत नसे, पण ती प्रत्येक भेटीत मधे येऊन बसायची. ही गाडी चालवायची काकूंनी, दुसऱ्या कुणी नाही. यजमानांना शिकवताना मामंजींनी फाटकाचा एक खांब गमावला आणि नाद सोडला. वन्संनी लग्नाआधी किती हट्ट केला, पण त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आणि मग सून घरात येऊन जेमतेम रुळली तोच तिला शेजारी बसवून मामंजींनी गियर, क्लच, सगळं शिकवलं. वन्सं पुढे आपल्या गावात नवीन नवीन गाड्या घेऊन भरधाव हिंडल्या. पण ही गाडी समोर आली की त्यांचं नाक असं काही आक्रसायचं, की पेट्रोलचा नाही, जुन्या गोष्टीचा वास येतोय हे काकूंना कळायचं.

तर रविवारच्या आत गाडी शहाणी करायची होती. काकूंनी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायची त्याची पद्धत, आणि तपासून झालं की घरच्यांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात बोलायची, म्हणून ते नाव. त्याने काकूंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की दोष पेट्रोलच्या पंपात आहे. जुना पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन फिरतं तेव्हा तो हलतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. पण चढावर इंजिन तापतं, पंप तापतो, आतलं पेट्रोल उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफेवर गाडी चालत नाही.

"आगगाडी चालायची," काकू म्हणाल्या.

डॉक्टरने पेचकस पुसला. मग म्हणाला, विजेवरचा पंप बसवू. तो मागे टाकीजवळ गारव्यात बसेल आणि पेट्रोल ढकलत पुढे पाठवेल. काकूंना हे पटलं. एकत्र कुटुंबात त्यांनी हेच केलं होतं; तापणाऱ्या माणसाला मागच्या खोलीत ठेवायचं.

आता या इमारतीत कुणाचा नळ गळला तरी जिन्यात सभा भरते. गाडीचं बॉनेट उघडं दिसल्यावर काय विचारता. वरच्या मजल्यावरचे बँकवाले आले. त्यांचं म्हणणं, पंप बदलू नका, ओलं फडकं गुंडाळा. समोरच्या वहिनींनी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणून पेट्रोलच्या नळीला ओळीने लावले. त्यांच्या आजोळी असंच करत आणि गाडी गार राहायची म्हणे. चिमटे लावल्यावर इंजिन असं दिसायला लागलं, की त्याच्यावर आता कुणाचा तरी बनियन वाळत घालायचाच बाकी आहे. तळमजल्यावरचे वायरमन आले. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी विजेच्या कामाला हाक मारली नव्हती. पंप विजेचा, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की काकूंना त्यांना नाही म्हणवेना.

यजमानांना मात्र वेगळीच काळजी लागली. गाडीत बदल करायचा तर वाहनांच्या कचेरीत कळवलं पाहिजे. काकू म्हणाल्या, मी कानातले बदलले तेव्हा कुठे कळवलं होतं? पण ते कपडे करून तयार होते, आणि कचेरीच्या ओढीने निघालेला निवृत्त माणूस अडवता येत नाही. काकू सोबत गेल्या, कारण एकटे सोडले तर ते तिथेच राहिले असते.

खिडकीतल्या माणसाने सगळं ऐकलं. पंप विजेवर चालणार, हे त्याने पुन्हा एकदा ऐकलं. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे गाडी आता विजेची झाली."

यजमान म्हणाले, गाडी पेट्रोलचीच. फक्त पेट्रोल विजेने येणार. तो माणूस म्हणाला, मग विजेच्या गाड्यांची खिडकी पलीकडे. पलीकडच्या बाईंनी विचारलं, चार्जिंग कुठे करता? यजमानांनी प्रामाणिकपणे सांगितलं की करत नाही. तर त्यांना बिना चार्जिंगच्या विजेच्या गाडीसाठी वरच्या साहेबांकडे पाठवलं. वरचे साहेब भले गृहस्थ निघाले. त्यांनी चहा मागवला, गाडीचा फोटो बघितला, आपल्या वडिलांना अशीच होती म्हणाले, आणि खालच्या पहिल्या खिडकीकडे पाठवून दिलं. तोपर्यंत खिडकी बंद झाली होती. काकू तरातरा फाटकाबाहेर आल्या. यजमान मात्र खुशीत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना रांगेत कुणीतरी विचारलं होतं, की साहेब, हे कुठे द्यायचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने जुना पंप इंजिनावरून काढला. तिथे भोक पडलं. त्यावर लोखंडी पट्टी बसवायची असते, ती त्याने आणली होती, पण भलत्या मापाची. तो म्हणाला, आज चालू करून बघू, तोवर काहीतरी पातळ पत्र्याचं झाकू. काकूंनी पिठाच्या डब्याचं झाकण दिलं. झाकण चांगलं होतं, घट्ट बसायचं, त्यात मुंगीला शिरता आलं नव्हतं. पण इंजिनातलं तेल मुंगीसारखं एकेकटं येत नाही. गाडी सुरू झाली, झाकण उडालं, आणि सगळी काळी धार, ओलं फडकं गुंडाळा असं पुन्हा सांगायला वाकलेल्या बँकवाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. ते बिचारे नुसते उभे राहिले. समोरच्या वहिनींनी लगेच इंजिनावरचे दोन चिमटे काढून दिले, धुतल्यावर लागतील म्हणून.

पट्टी लेथवाल्याकडून नीट मापाची करून आणली. नवा पंप मागे बसला. वायरमननी तारा ओढल्या आणि चावी फिरवल्यावर मागून आवाज यायला लागला, टक टक टक टक, म्हातारं माणूस काठी टेकत जिना चढतंय तसा. काकूंना तो आवाज आवडला. निदान कुणीतरी काम करतंय हे ऐकू येत होतं. घरात असं फार कमी जणांच्या बाबतीत होतं.

पण हा पंप फारच उत्साही निघाला. जुना पंप मागेल तेवढंच द्यायचा. हा न मागता वाढत सुटला, आग्रह करणाऱ्या यजमानीणबाईसारखा, आणि पुढे इंजिनाला जेवढं लागतं त्याच्या वर पेट्रोल जाऊन खाली टपटप गळायला लागलं. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. वायरमननी जिन्यात उभं राहून सगळ्यांना शेगड्या बंद करायला लावल्या. संध्याकाळची वेळ. अख्खी इमारत चहावाचून खाली येऊन गाडीभोवती उभी राहिली, आणि चहा न मिळालेल्या माणसांच्या तोंडून काय काय निघतं ते काकूंनी तिथे ऐकून घेतलं. हॉटेलवाल्याचा पत्ता काय, असंही कुणीतरी विचारलं. तो आवाज यजमानांचा नव्हता असं त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

डॉक्टरने जोर कमी करणारी एक डबी मधे बसवली तेव्हा पंप माणसात आला. तरी वायरमनचं समाधान होईना. इंजिन बंद पडलं आणि चावी सुरूच राहिली, तर पंप पेट्रोल ढकलत बसेल. तेव्हा पंपाला स्वतंत्र बटण हवं, आणि सुरू आहे ते दिसायला दिवा हवा. त्यांच्याकडे घरातल्या बोर्डाचं एक बटण शिल्लक होतं, पांढरं, वर लाल दिवा असलेलं. ते त्यांनी गाडीच्या पुढच्या फळीवर, डावीकडे बसणाऱ्याच्या अगदी नाकासमोर ठोकलं. मामंजींच्या त्या चकचकीत लाकडी फळीवर ते बटण न्हाणीघरातून हरवून आल्यासारखं दिसत होतं. काकूंनी तोंड वाकडं केलं, पण ठेवून घेतलं.

बटणं आणि दिवे या बाबतीत हे घर जरा वेगळं होतं हे इथे सांगितलं पाहिजे. मामंजींना जळता दिवा बघवत नसे. पाहुणा चपला घालत असतानाच त्याच्या डोक्यावरचा दिवा गेलेला असे. ते स्वतः फाटकापर्यंत जाऊन परत येत, एकच बटण बंद करायला. मुलीच्या ते रक्तात आलं, आणि सुनेच्या हाडात मुरवलं गेलं. काकूंचा हात तर भिंतीजवळून जाताना आपोआप वर व्हायचा. एकदा दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाई तपासत असताना त्यांच्या टेबलावरचा दिवा घालवला होता. गाडीतला लाल दिवाही पहिले एक-दोन दिवस त्यांनी असाच येता जाता बंद केला, आणि पुढच्या कोपऱ्यावर गाडी उभी राहिली की स्वतःला शिव्या दिल्या. शेवटी त्यांनी डावा हात मांडीखाली दाबून चालवायची सवय केली, म्हणजे गियर टाकताना काढायचा आणि पुन्हा दाबायचा.

शनिवारी काकूंनी गाडी पुलावर नेली. मागे टक टक चालू. चढ आला, माथा आला, ती बदनाम जागा आली आणि गेली. काकू पलीकडे उतरल्या, वळल्या, पुन्हा चढल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा गेल्या. पुलाखालचा पानवाला नंतर सांगत होता की एक बाई जुन्या गाडीतून एकटीच हसत पुलावरून येरझाऱ्या घालत होत्या, आणि दर वेळी माथ्यावर आल्या की हॉर्न वाजवत होत्या, कुणी मधे नसताना.

रविवारी वन्सं आल्या. नेहमी त्या मागे बसत. आज त्या पुढे बसल्या, नजर ठेवायला. सामान आणि यजमान मागे गेले. काकूंनी चावी फिरवली, बटण दाबलं, लाल दिवा लागला, टक टक सुरू झाली.

"हे काय टकटकतंय?"

"तब्येत चांगली आहे तिची," काकू म्हणाल्या.

स्टेशनचा चौक गेला. एक लाल सिग्नल लागला. मागून यजमानांनी, हे धरायचं नाही, असं जाहीर केलं. बाजार गेला. काकूंना मग राहवेना. त्या बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्या की त्यांना डबी बसवलेली नव्हती. पंपाची हकीकत सांगितली, कचेरीची सांगितली, बँकवाल्यांच्या शर्टाची दोनदा सांगितली, आणि हे सगळं वन्संकडे न बघता, समोर बघत, मान ताठ ठेवून, जशी राज्य जिंकून आलेली माणसं बोलतात. पूल आला. शेजारून एक बस आरडाओरडा करत चढत होती. काकू म्हणाल्या, "आता बघा हं वन्सं, हीच ती जागा," आणि गाडी एकदा खोकली, एकदा हिसकली आणि माथ्यावर, मधोमध, उभी राहिली.

बस निघून गेली. मग फार शांत वाटायला लागलं.

वन्संनी पर्समधून रुमाल काढला. मागून हॉर्न सुरू झाले. लोक गाडी बघायला लागले, मग काकूंना बघायला लागले. एकाने खिडकीत वाकून, पेट्रोल आहे का टाकीत, असं विचारलं. काकूंच्या डोळ्यांपुढे बॉनेटमधल्या कुंड्या आल्या, त्यातही कुणीतरी झारीने पाणी घालतंय. मामंजींच्या इंजिनाच्या जागेत पाणी. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बाहेर हॉर्न असले तरी गाडीच्या आत शांतता जरा जास्तच आहे. चावी सुरू होती, तरी टक टक नव्हती. त्यांनी डावीकडे बघितलं. लाल दिवा नव्हता.

"वन्सं, हे बटण कुणी बंद केलं?"

"मी," वन्सं म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "भर उन्हात दिवा जळत होता. तुमचं लक्ष होतं कुठे, तोंड चालू होतं तुमचं."

काकूंनी तोंड उघडलं. त्यात वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं आणि सगळं एकदम बाहेर यायला निघालं होतं. पण वन्सं तो रुमाल घेऊन, हनुवटी वर करून, ज्या ऐटीत बसल्या होत्या ती ऐट काकूंनी पाहिली होती; फाटकातून परत येऊन दिवा घालवल्यावर मामंजी अगदी असेच बघत. काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. वन्संनी, काय झालं, काय झालं, असं विचारलं, आणि काकूंनी हसतच ते बटण कशाचं ते सांगितलं. वन्संनी बटणाकडे बघितलं. स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग त्याही सुटल्या. पुलावर रांग लागली होती, लोक ओरडत होते, आणि आत दोन बायका डोळे पुसत एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

यजमान मागून म्हणाले की नियमात हा प्रसंग धरलेला नाही.

हसणं ओसरलं तेव्हा वन्संचा आवाज बदलला. "अण्णांनी मला कधी हात लावू दिला नाही हिला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला शिकवली."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला शिकवली असती तर तुम्ही ती घेऊन गेला असता," त्या म्हणाल्या. "मला शिकवली, म्हणजे घरात राहिली. तुम्हाला माहीत नाही का, मामंजी किती चिकट होते ते. उठा. इकडे या."

काकूंनी बटण दाबलं, दार उघडलं आणि पुढून वळसा घालून डावीकडे गेल्या. वन्सं स्टिअरिंगपुढे बसल्या. पहिला गियर टाकताना गाडी अशी ओरडली की यजमानांनी मागे डोळे मिटून घेतले; त्यांना फाटकाचा खांब आठवला असणार. पण टक टक होती, आणि गाडी निघाली. उतारावर वन्संनी हॉर्न वाजवला, कुणी मधे नव्हतं तरी. पूल संपायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की गाडी थांबली नाही, त्यांनी थांबवली, तेव्हा सही-बिही काही नाही, आणि त्या हॉटेलवाल्याने कुंड्या आपल्या डोक्यावर ठेवाव्यात.

गल्लीत शिरल्या तेव्हा सगळी इमारत फाटकाशी उभी होती. वायरमन छाती काढून, बँकवाले नव्या शर्टात जरा लांब. वन्संनी वेग कमी केला, सगळ्यांकडे बघून हात हलवला, आणि फाटकावरून सरळ पुढे गेल्या.

"वन्सं, घर मागे राहिलं."

"एक फेरी मारू," वन्सं म्हणाल्या. "मला आता जमायला लागलंय. मी म्हणते, जरा चार दिवस जास्तच राहते. रोज सकाळी मीच काढत जाईन गाडी. तुम्ही बसा निवांत, वहिनी. फार केलंत आयुष्यभर."

काकू निवांत बसल्या. बाजूला बसल्यावर हाताला काही काम नसतं, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. समोर ऊन पडलं होतं, आणि त्या लख्ख उन्हात, त्यांच्या अगदी नाकासमोर, लाल दिवा उगाचच जळत होता.

वन्सं आरशात आपले केस बघत होत्या. काकूंनी हात पुढे केला.

गाडी ऐटीत कोपऱ्यापर्यंत गेली, एकदा खोकली आणि उभी राहिली.

"अहो, आता काय झालं हिला?"

"जुनी गाडी आहे, वन्सं," काकू दार उघडत म्हणाल्या. "माणूस ओळखते. सरका तिकडे."